धुऱ्यावरची कळलावी

महालक्ष्म्यांचे विसर्जन झाले त्याच आठवड्यात चांदूर रेल्वेहून एक पत्र आले. लिहिणाऱ्या बाई शिक्षिका आहेत आणि हे सदर नेमाने वाचतात. पत्र चार पानी; त्यातली साडेतीन पाने कुशलाची आणि शाळेच्या कटकटींची. खरा मजकूर शेवटी होता. "आमच्या परसातल्या काटेरी कुंपणावर गेली तीन वर्षे श्रावणात एक वेल चढतो. फुले अशी देखणी, की वाटेने जाणारा थांबून पाहतो. पण यंदा सासूबाईंनी हट्ट धरला आहे, की ही कळलावी आहे, मुळासकट उपटून टाका. धाकट्या जावेला सातवा महिना लागला आहे, अशा वेळी दारात कळलावी नको, असे त्यांचे म्हणणे. आमचे हे म्हणतात, ही सारी अंधश्रद्धा. घरात रोज दोन वेळा यावरून वाद होतो. तुम्हीच सांगा, वेल ठेवावा की काढावा?"

पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले. वेलाला कळलावी म्हणायचे आणि त्याच्यावरून रोज दोन वेळा भांडायचे, म्हणजे वेलाने आपले नाव सार्थच केले की! पण पत्र दुसऱ्यांदा वाचले आणि हसू मावळले. सातवा महिना आणि कळलावी हे शब्द एका ओळीत आले की मला बरे वाटत नाही. त्याला कारण आहे, ते पुढे येईल. उत्तर लिहायला घेतले होते ते बाजूला ठेवले आणि येत्या रविवारी एस.टी. धरली. झाड न पाहता त्याच्याबद्दल सल्ला देऊ नये, हा धडा या सदराने मला चांगलाच शिकवला आहे. पाकिटात घालून पाठवलेली फुले इथवर येईपर्यंत त्यांची भाजी झालेली असते. 'हे कोणते फूल?' म्हणून विचारणाऱ्यांना मी काय सांगणार?

आमच्या अमरावती जिल्ह्यात चांदुरे दोन. एक बाजाराचे, दुसरे रेल्वेचे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला आणि बडनेरा नि धामणगावच्या मधले आमचे चांदूर आडनाव लावावे तसे 'रेल्वे' लावू लागले. मी त्याच गावची. तरीही कळलावी पाहायची असेल तर आगगाडीने जाऊ नका, असेच सांगेन. अमरावतीहून पोहऱ्याच्या जंगलातून येणारी सडक धरा. भाद्रपदात या जंगलाचे रूप पाहण्यासारखे असते. सागाला पांढुरके तुरे आलेले, पळसाची पाने थाळीएवढी झालेली, मधून मधून तेंदू, धावडा, सालई. सडकेच्या कडेला रायमुनियाचे गचपण माजलेले. (रायमुनिया म्हणजे पुण्याकडच्या लोकांची घाणेरी. आमच्याकडे तिला निदान नाव तरी गोड दिले आहे.) त्या सगळ्या हिरव्यात एकाएकी कुठे जाळ पेटल्यासारखा दिसतो. गाडी पुढे जाते, मान मागे वळते. तीच कळलावी. संस्कृतात तिला अग्निशिखा म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले त्याने ते फूल पावसाळी, झाकोळलेल्या दुपारीच पाहिले असले पाहिजे.

बाईंच्या परसातला वेल तोच निघाला. शंकेला जागाच नव्हती, कारण कळलावीची एक खूण अशी आहे की ती दुसऱ्या कशाशी घोटाळ्यात पडत नाही. काकडीच्या, दोडक्याच्या वेलाला ताणे फुटतात ते देठाजवळून. कळलावीचे पान मात्र स्वतःच ताणा होते. भाल्याच्या पात्यासारखे लांब, बिनदेठाचे पान निमुळते होत जाते आणि शेवटी त्याचे टोक घड्याळातल्या स्प्रिंगेसारखे गुंडाळते. जे सापडेल त्याला ते टोक विळखा घालते. बाभळीचा काटा म्हणू नका, तार म्हणू नका, शेजारच्या पानाचे स्वतःचेच टोक म्हणू नका. अशा शंभर बोटांनी धरत धरत हा नाजूक दांड्याचा वेल पुरुषभर उंच जातो, चांगला आधार मिळाला तर त्याहूनही उंच.

फुलाचे तर सगळेच उलटे. कळी हिरवी, खाली मान घातलेली. ती उमलते तेव्हा सहाही पाकळ्या वळून वर जातात आणि फुलाचे तोंड जमिनीकडेच राहते. पाकळ्यांच्या कडा कुरळ्या, लाटालाटांच्या. पहिल्या दिवशी त्या हिरवट पिवळ्या असतात. मग टोकाकडून लाली उतरू लागते, बुडाशी पिवळा आणि वर लाल असा जाळाचा रंग येतो, आणि शेवटी सारे फूल कुंकवासारखे होते. त्यामुळे एकाच वेलावर चार वयांची चार रंगांची फुले एकदम दिसतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले. आणि स्त्रीकेसराची दांडी? ती सरळ खाली यायला हवी, तर बुडाशीच काटकोनात वळून एका बाजूला निघून जाते, जणू घरच्या माणसांशी बोलणे टाकले आहे. यात रुसवा काही नाही. आपल्याच फुलातला पराग आपल्याला लागू नये, बाहेरून आलेल्या फुलपाखराच्या पंखांवरचा किंवा शिंजिराच्या अंगावरचा लागावा, अशी ती सोय आहे. फळ धरले की हिरवे लांबट बोंड लटकते. कापसाच्या बोंडासारखेच ते पुढे उलते, पण आत पांढरा कापूस नसून शेंदरी लाल बिया असतात.

हे सारे श्रावण-भाद्रपदातले वैभव. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा वेल पिवळा पडून मान टाकत असेल. कार्तिक सरता सरता वाळकी काडीसुद्धा राहत नाही. जमिनीखाली मात्र कंद असतो, दोन बाहू फुटलेला, नांगराच्या आकाराचा; म्हणून संस्कृतात हिचे दुसरे नाव लांगली. हा कंद म्हणजे दर वर्षी नवी मांडलेली शिल्लक आहे. यंदाचा वेल आपली सारी कमाई नव्या कंदात ओततो आणि जुना कंद सुकून पोकळ होतो. दोन बाहूंच्या दोन टोकांना एकेक डोळा असतो, मृगाचा पाऊस पडला की तेथूनच कोंब निघतो. टोक मोडले तर त्या बाहूची आशा संपली. बाकीचा कंद कितीही जाडजूड असो, त्याला कोंब फुटत नाही. पाडव्याला सावंगा विठोबाची जत्रा भरते, कापराचे ढीग जळतात. उन्हाने तापलेल्या मातीतून तिकडे पायी जाणाऱ्या माणसांच्या पायाखाली कितीतरी कळलाव्या निजलेल्या असतील, पण त्यांचा पत्ता लागत नाही.

राहायला तिला जागा कशी लागते, तेही सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागणार आहे. पाणी साचले की कंद सडतो, म्हणून चिखलट काळ्या वावराच्या पोटात ती येत नाही. तिला मुरमाड, बरड, निचऱ्याची माती हवी. मुळाशी सावली हवी आणि माथ्यावर ऊन. चढायला झुडूप हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तिथे वर्षानुवर्षे नांगर फिरता कामा नये. जंगलाच्या कडेला, नाल्याच्या थडीला हे सारे आयते मिळते. माणसाच्या राज्यात ते दोनच ठिकाणी मिळत असे. एक पांदणीच्या दोन्ही बाजूंच्या झुडपांत आणि दुसरे धुऱ्यावर. धुरा म्हणजे दोन वावरांमधली गवता-झुडपांची पट्टी, जिला देशावर बांध म्हणतात. दोन्ही मालकांची आणि म्हणून खरे तर कोणाचीच नसलेली जागा. भांडणे लागतात तीही याच जागेवरून. कळलावीने वस्तीला नेमकी तीच जागा निवडावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

कळ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक भांडणाची कळ आणि दुसरी पोटातली. नारदाला आपण कळलाव्या म्हणतो तो पहिल्या अर्थाने. या वेलाला दोन्ही अर्थ चिकटले आहेत. बाईंच्या सासूबाई, वय ऐंशीच्या घरातले, ओसरीवर बसून मला समजावून सांगत होत्या. "हे पाय बाई, अर्धी या घरी फेकली अन् अर्धी त्या घरी, का दोन घरात भांडन लागलंच समज. अन् पोटुशी बाई घरात असली का त इचं नावच नोको. माया सासूनं सांगतलं होतं मले." तिच्या धाकट्या सुनेने मान खाली घातली आणि मोठी सून, म्हणजे आमच्या पत्रलेखिका, माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच म्हणाल्या, पाहिलेत ना?

मी पाहिले, पण त्या म्हातारीला हसण्याची मला हिंमत झाली नाही. भांडणाचे सोडून द्या. दुसरा अर्थ हवेतून आलेला नाही. जुन्या काळी बाळंतीण अडली की सुईण या कंदाचा लेप बेंबीवर, तळहाता-तळपायांना लावी किंवा कंद कमरेला बांधी. कळा लावणारी ती कळलावी. मूल सुटले रे सुटले, की कंद तत्काळ सोडून टाकायचा आणि लेप धुऊन काढायचा, नाहीतर आतडीही बाहेर येतील, असा धाक असे. माझ्या जन्माच्या वेळी असाच कंद आणायला मामाला भर पावसात धुऱ्यावर पिटाळले होते, हे आईने मला किती वेळा सांगितले असेल. आमची सुईणआजी म्हणे, "वरून लावाची, पोटात नाई. पोटात गेली त माय बी जाईन अन् लेकरू बी." आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनाही हे ठाऊक होते. तिचे एक नाव विशल्या, शल्य बाहेर काढणारी. आणि दुसरे उघडउघड गर्भपातिनी. सात उपविषांत तिची गणना आहे. रुईचा नि निवडुंगाचा चीक, धोत्रा, कण्हेर, गुंज, अफू यांच्या पंगतीला ती बसते.

आता ती राहिलेली गोष्ट.

१९६४ च्या सुमाराची असावी, मी दहा-अकरा वर्षांची. आमच्या आळीत एक तरुण विधवा दिराच्या घरी राहत असे. तिचे नाव मी लिहिणार नाही. आम्हां पोरींना ती चिंचोके आणि खडीसाखर देई, आणि तिचे केस फार लांब होते एवढेच मला तेव्हा माहीत. एका भाद्रपदात ती आजारी पडली. रात्रभर ओकाऱ्या आणि जुलाब. लोक म्हणाले, पटकी झाली. पण आळीत दुसऱ्या कोणालाच पटकी झाली नाही. बाई आठ-दहा दिवस मरणाच्या दारात होती. ती उठून बसली, आणि मग एके सकाळी तिच्या जावेने केर काढता काढता किंकाळी फोडली. उशीवर केसांचे पुंजकेच्या पुंजके पडले होते. दोन-चार दिवसांत डोके अगदी उघडे झाले. आळी हादरली. कोणी म्हणाले देवीचा कोप, कोणी म्हणाले करणी. करणी म्हटल्यावर कोणाची, हे आलेच. आणि शेजारच्या दोन घरांत असे भांडण पेटले की काठ्या निघाल्या. शेवटी कोणाचे तरी लक्ष दोन्ही घरांच्या मधल्या कुपाटीवर गेले. तिच्यावर कळलावी फुललेली होती. गुन्हेगार सापडला! चौघांनी मिळून ती खणून काढली आणि जाळली. खणताना तिचा एक कंद आधीच कोणीतरी नेलेला होता, माती उकरलेली होती. हे मी स्वतः पाहिले आणि मोठ्याने बोलून दाखवले, तेव्हा पाठीत धपाटा बसला.

त्या रात्री सुईणआजी आमच्या घरी आली होती. माजघरात आईशी हलक्या आवाजात बोलत होती, आणि दाराआडून मी ऐकले. "पोटात घेतली तिनं. म्या देली नाई वो, तुया गळ्याची आन." आई रडत होती. का, ते मला कळले नाही.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकायला लागले तेव्हा एका जुन्या पुस्तकात या कंदाच्या विषबाधेची लक्षणे वाचण्यात आली. पोटात गेल्यावर पहिले काही तास काहीच होत नाही. मग घशात आग, ओकाऱ्या, पटकीसारखे जुलाब. त्यातून जो वाचतो त्याचे आठवड्या-दोन आठवड्यांत केस गळतात. मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. चाळीस घरांच्या आळीत सर्वांनी सर्वांना जाब विचारला होता. त्या बाईला कोणी एका शब्दाने विचारले नव्हते. विचारले असते तरी ती काय सांगणार होती? गर्भपात तेव्हा गुन्हा होता. जीव वाचवण्यापुरती सोडली तर कायद्याने दुसरी वाट ठेवली नव्हती. ती वाट १९७१ च्या कायद्याने उघडली. विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे विहीर असे किंवा धुरा.

केसच का गळतात, याचे उत्तर शास्त्राने दिले आहे. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन नावाचे द्रव्य असते. आपल्या शरीरातली पेशी दुभंगते तेव्हा तिच्या आत बारीक सूत्रे तयार होतात आणि ती गुणसूत्रांची दोन वाटण्यांत ओढाताण करतात. कोल्चिसीन ही सूत्रे बनूच देत नाही. पेशी विभागायला निघते आणि मध्येच अडकून पडते. म्हणून शरीरात जिथे पेशींची घाई सर्वांत जास्त, तिथे हे विष पहिल्यांदा वार करते. आधी आतड्यांचे अस्तर, मग हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा, मग केसांची मुळे. विष उतरले की केस पुन्हा येतात. त्या बाईचेही आले असावेत. मी पाहिले नाहीत, कारण त्याआधीच ती माहेरी गेली आणि पुन्हा चांदूरला आली नाही.

हेच द्रव्य मोजून दिले तर औषध आहे. युरोपात कोल्चिकम नावाचे एक फूल होते. त्याचा कंद सांधेदुखीवर देत, आणि पेलेतिए व कावांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी १८२० साली त्यातून हे द्रव्य वेगळे काढले. आपल्या हकिमांची सुरंजान याच कुळातली. वातरक्तावर आजही डॉक्टर कोल्चिसीन देतात, आणि हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी अगदी थोड्या मात्रेत ते देण्यास अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये मान्यता दिली. ती मात्रा म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी! आणि धुऱ्यावरच्या कंदात ते किती असेल, हे कंदागणिक वेगळे. सुईण असो की वैदू, ते हाताने तोलून सांगणे कोणाच्याच आवाक्यातले नाही. १९३७ च्या सुमारास ब्लेकस्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने धोत्र्यावर प्रयोग करून दाखवले की या द्रव्याने झाडांची गुणसूत्रे दुप्पट करता येतात. मग जपानात किहारांनी त्याच युक्तीने बिनबियांचे टरबूज काढले. उन्हाळ्यात ती फोड खाताना कोणाला या विषाची आठवण व्हायचे कारण नाही, पण नाते आहे.

नात्याचे निघाले म्हणून सांगते. पूर्वी कळलावी लिलीच्या कुळात मोजत. ते कुटुंब म्हणजे आपल्या जुन्या वाड्यासारखे होते. कांदा, लसूण, कोरफड, शतावरी सारी एका छपराखाली. नव्या शास्त्रज्ञांनी आनुवंशिकतेचे दाखले काढून वाटण्या केल्या. कांदा-लसूण एका घरी, शतावरी दुसऱ्या, कोरफड तिसऱ्या, आणि कळलावी त्या कोल्चिकमच्या कुळात. अमुक घर फुटले ते कळलावीमुळे, असे यात मात्र कोणी म्हणाले नाही. लिनियसने १७५३ साली तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' हे नाव दिले. ग्लोरिओसा म्हणजे वैभवशाली, सुपर्बा म्हणजे रुबाबदार, ऐटबाज. लॅटिनमध्ये एवढे कौतुक, आणि मराठीत कळलावी! तिच्या मराठी नावांतले एक तर धोक्याचेच आहे. पुष्कळ ठिकाणी हिला बचनाग म्हणतात. खरा बचनाग, म्हणजे वत्सनाभ, हिमालयातली वेगळीच वनस्पती, आणि विषही वेगळे. विषबाधा झालेल्या माणसाला दवाखान्यात नेताना 'बचनाग खाल्ला' एवढेच सांगितले तर डॉक्टरांचा गोंधळ व्हायचा. शक्य तर झाडाचा तुकडा बरोबर न्यावा.

सगळीकडे तिची अशी हेळसांड नाही. कोकणात हिच्या फुलांना गौरीचे हात म्हणतात आणि गौरीच्या पूजेत मानाने ठेवतात. तमिळ लोकांच्या दोन हजार वर्षांच्या जुन्या काव्यात ही 'कांदळ' होऊन येते आणि स्त्रियांच्या बोटांना तिची उपमा देतात. हात आणि बोटे, दोन्हीकडे तीच आठवण व्हावी, ही मोठी मौज. तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे, आफ्रिकेत झिंबाब्वेचे राष्ट्रीय फूल आहे, आणि आपल्या टपाल खात्याने १९७७ साली भारतीय फुलांची तिकिटे काढली त्यांत ते होते. धारापुरम, ओट्टनचत्रमच्या बाजूला शेतकरी तिची रीतसर शेती करतात. तारांच्या मांडवावर वेल चढवायचे, सकाळी बायांनी फुलाफुलाला हाताने पराग लावायचा आणि बिया औषध कारखान्यांना हजारांच्या भावाने विकायच्या. आमच्याकडे कोणी हे वाचून कपाशी मोडू नये. बेण्याचा कंद महाग आहे, भाव वरखाली होतो, आणि हाताळणाऱ्या मजुरांच्या आरोग्याचा प्रश्न आहे तो वेगळाच. पण जे पीक दुसरीकडे मांडव घालून वाढवतात ते आपल्याकडे फुकट उगवत होते, एवढे तरी ध्यानात असू द्यावे.

होते, असे मी जाणून म्हणते. जंगलात ती अजून आहे. जगातून नामशेष होते आहे अशी ओरड करण्यात अर्थ नाही, आफ्रिकेपासून आशियापर्यंत तिचा पसारा मोठा आहे. पण धुऱ्यावरून ती चालली. बाईंच्या घरून निघाल्यावर मामाच्या जुन्या वावराकडे जाऊन आले. ज्या धुऱ्यावरून माझ्या जन्माच्या वेळी कंद आणला होता तो धुरा आता वीतभर उरला आहे, आणि त्या वितीवरही तणनाशक मारलेले. गवत तांबडे पडलेले होते. सोयाबीन आल्यापासून एकेक तास मोलाचा झाला, म्हणून दोन्हीकडचे नांगर आत सरकले. पांदणी यंत्राने रुंद केल्या. त्यात शेतकऱ्याची चूक म्हणवत नाही, पावसाळ्यात बैलबंडी गुडघाभर चिखलात रुतत असे ते मी पाहिले आहे. रोही आणि रानडुकरे पीक ठेवीत नाहीत, म्हणून काटेरी कुपाट्या जाऊन तारा आणि झटका मशीन आले. तारेवर ताणे चढतील, पण तारेखाली फवारलेल्या मातीत कंद राहणार नाही. एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा वावरात होता. त्याला मी मोबाइलवरचे चित्र दाखवले. म्हणाला, "लय भारी हाय आजी. कुठचं हाय हे? तिकडचं, फॉरेनचं का?"

असो. बाईंचा प्रश्न राहिलाच.

सासूबाईंचे कारण चुकीचे आहे. कुंपणावरच्या वेलाला पाहून, त्याच्या वाऱ्याने, त्याच्या सावलीने कोणाला कळा येत नाहीत. धाकट्या सूनबाईंनी खुशाल ओसरीवर बसून फुले पाहावीत. कळा सुरू झाल्या की मात्र कोणाचाही लेप नको, कंद नको, काढा तर नकोच. १०८ ला फोन करावा आणि दवाखाना गाठावा. हे मी त्या म्हातारीसमोरच सांगितले. ती म्हणाली, "थे त करनारच हावो ना आमी. आमी का येडे हावो?"

पण सासूबाईंचा निकाल अर्धा बरोबर आहे, आणि हे बाईंच्या यजमानांना आवडणार नाही. पुढच्या श्रावणात त्या घरात आठ-नऊ महिन्यांचे मूल रांगत असेल. त्याच्या पुढच्या श्रावणात ते पावलापावलाने परसात जाईल, लाल फुलाला हात घालील, शेंदरी बी तोंडात घालील. कंद रताळ्यासारखा दिसतो. रताळे समजून तो शिजवून खाल्लेली आणि दगावलेली माणसे श्रीलंकेत झाली आहेत, आणि या विषावर हुकमी उतारा दवाखान्यातही मिळत नाही. तेव्हा परसात ही नको. मात्र काढायची म्हणजे मारायची नव्हे. बाईंचे वावर गावापासून कोसावर आहे आणि नाल्याच्या थडीला त्यांच्या धुऱ्याचा एक तुकडा अजून बोरी-हिवरांचा आहे, तो मी येताना पाहून ठेवला. तिथे न्यावी.

आत्ता दिवाळीत घाई करू नका. वेल पुरता वाळू द्या, कंद भरू द्या. वाळण्याआधी त्याच्या बुडाशी खूण म्हणून एक दगड मांडा, नाहीतर जागा सापडायची नाही. बोंडे उलण्याआधी काढून घ्या. त्यातल्या बिया घरात न आणता तिकडेच झुडपांच्या बुडाशी टाका. उगवल्या तर फूल यायला तीन-चार वर्षे लागतील. कंद होळीनंतर, मृगाच्या आधी काढा. हातात मोजे घाला, लांबून खणा आणि दोन्ही टोके सांभाळा. रताळी-बटाट्यांच्या टोपलीजवळ, स्वयंपाकघरात, घटकाभरही तो ठेवू नका, सरळ वावरात न्या. बोरीच्या सावलीत, मुरमाड जागी, चार बोटे खोल आडवा ठेवून माती लोटा. पाणी घालू नका. आणि त्या तेवढ्या तुकड्यावर फवारणीचा पंप नेऊ नका, हे यजमानांना दोनदा बजावा. मृगानंतर महिन्याभराने कोंब दिसला तर मला कळवा, मी येईन. येताना त्या मोबाइलवाल्या पोरालाही हाक मारीन, त्याचे वावर तिथून दोनच धुरे पलीकडे आहे.